हटवार सरचा पाद्री

झाडापानातलं माह्याएवढं समजनारा मानूस साऱ्या मोहाडी तालुक्यात दुसरा भेटनार नाही. मांगच्या साली वरनावर घालाले ताजा सांबार, मनजे कोथिंबीर, मनून मी धुऱ्यावरून ओंजळभर गाजरगवत तोडून आनलं, अन् बायकोनं ते मले अन् पिशवीले सोबतच आंगनात फेकलं.

हे जे काही ज्ञान हाय ते मले हटवार सरपासून भेटलं. सरनं बरोबरच देल्लं होतं. मी घेतलं उलटं.

मी नत्थू. तहसीलसमोर माहा ऑटो उभा रायते. आमी मूळचे कोष्टी, बापाचा हातमाग होता. बापानं मलेबी मागावर बसवून पाहिलं. मी असं लुगडं विनलं का काठ मधात आला अन् पदर कुठं गेला ते मलेबी नाही सापडलं. बापानं हात जोडले. मने, "बावा, तू काहीबी कर, पन सुताले हात नोको लावू." शाळेतल्या मास्तरनं पाटीबद्दल हेच मनलं होतं. मंग उरला ऑटो.

हटवार सर तुमसरच्या कॉलेजात झाडाइचा विषय शिकवत होते. रिटायर झाले अन् आमच्या गल्लीत भाड्यानं रायले आले. एकटा जीव. पयल्या दिवशी माह्या ऑटोत बसले ते उलटे बसले, मांगच्या डिक्कीत, तोंड मांगं अन् पाय बाहेर लोंबते. मी मनलं, "सर, सीट इकडे हाय."

मने, "समोर रस्ता आहे, तो तुम्ही पाहा. कडेला काय उगवलंय ते मी पाहतो."

तुमसरच्या रस्त्यावर चाललो होतो. अचानक मांगून पत्रा बडवल्याचा आवाज. "थांबवा! थांबवा!" मी ब्रेक मारला. पाहतो त सर खाली उतरून डांबराच्या कडेले पोटावर लेटलेले. अर्धे गवतात, अर्धे रस्त्यावर. खिशातलं भिंग डोऱ्याले लावलेलं. मांगून कोंड्याचा ट्रक आला, तो थांबला. ट्रकच्या मांगं जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, सरचे पाय पाहिले, अन् मले हळूच इचारते, "गेले का?"

आता मले काय मालूम? मी मनलं, असनही. त्यानं डोक्यावरचा दुपट्टा काढला. मनून मीबी टोपी काढली. जीपमधली एक बाई रडाले लागली, "कोनाचे बाप होत वो?" कोनीतरी बाटलीभर पानी सरच्या मानेवर ओतलं. तसे सर डोकं वर न करताच मनते, "पाणी नको. याला पाणी सहन होत नाही."

जीप पयले पळाली.

सरचं एक ठरलेलं बोलनं होतं. काहीबी इचारा, मनायचे, "घाई नको. फूल येऊ द्या." म्हनजे असं का नुसतं पान पाहून झाडाचं नाव सांगू नये, पान फसवते. फूल आलं का मंग समजते कोन कोनाचं हाय. आता हे झाडाचं ठीक हाय. पन सर मानसाइलेबी हेच लावत. नवीन सरपंच कसा वाटला सर? "फूल येऊ द्या." माह्या पोरीले जवाहरनगरातलं एक स्थळ आलं होतं. पोरगा फॅक्टरीत, क्वार्टरबी भेटलेलं. मी पोराचा फोटो घेऊन सरकडे गेलो. सरनं फोटो भिंगाखाली धरला, लय वेळ पाहिला, अन् मने, "अजून फूल आलेलं नाही." मी येडा, हे जसंच्या तसं पोराच्या बापाले फोनवर सांगतलं. ते लोकं बिचारे पोराले डॉक्टरकडे घेऊन गेले.

सरचं सोताचं लगन नव्हतं झालं. काहून, ते एकदा त्याइनंच सांगतलं. जवानीत पोरगी पाहाले गेले होते लाखनीकडे. पोरीवाल्याइच्या आंगनात विहिरीजवर काहीतरी उगवलं होतं. सर तिथंच बसले. आत पोहे थंडे झाले, पोरगी साडी नेसून बसून बसून झोपली. शेवटी पोरीचा बाप बाहेर आला अन् मने, "तुमाले विहीरच पसंद दिसते." मी इचारलं, "पोरीचं नाव काय होतं सर?" सर मने, "ते राहिलं विचारायचं." अन् मंग त्या विहिरीजवरच्या झाडाचं नाव, त्याच्या कुळाचं नाव, त्याच्या भावकीचं नाव सांगतलं.

मले ते म्हनायचे, "नत्थू, तुम्ही गवत कुळातले." मी लय दिवस घोळात होतो, ही शिवी हाय का काय हाय. मंग एक दिवस सरनं सांगतलं का धान गवतच, गहू गवतच, बांबू अन् ऊसबी गवतच. मी छाती फुगवून घरी गेलो. बायकोले, बेबीले, सांगतलं. बेबी मने, "मंग बैलापासून दूर राहा."

पन सरच्या डोक्यात खरा किडा होता तो पाद्रीचा.

कुठंबी जा. झुडुपात, तलावात, टेकडीवर. सर कायतरी शोधून काढत, आनंदानं उड्या मारत, घरी नेऊन पुस्तकं उघडत. दुसऱ्या दिवशी पाहावं त तोंड उतरलेलं. मी इचारलं का एकच उत्तर. "त्या पाद्रीनं आधीच नेलं." कधी मने, "पाद्रीनं इथंही हात मारलाय." एकदा त चिडून मने, "एक, एक तरी ठेवलं असतं माझ्यासाठी!"

मले वाटलं, हाय कोनी चोट्टा. सर साधे मानूस, मास्तर मानूस, त्याइची झाडं हा पाद्री रातोरात उपटून नेते. मी मनलं, "सर, ठान्यात रिपोट देऊ." सर मने, "काय उपयोग?" मी मनलं, "मंग पोट्टे घेऊन जाऊ." सरनं पुस्तकाचं पान उलटलं. मले वाटलं, मास्तर लोकं हो म्हनत नाही, पन मनातून हो असते त्याइचं.

एक दिवस भंडाऱ्याच्या बस स्टँडवर मले पांढऱ्या झग्यातला एक पाद्री दिसला. हातात छत्री अन् केळाची थैली. मी ऑटो आडवा लावला. मनलं, "का हो, लोकाइची झाडं काहून पळवता?"

ते बिचारे घाबरले. मने, "कोणती झाडं?"

"सारी. तलावातलीबी."

त्याइनं लय विचार केला. मंग थैली उघडून दाखवत मने, "मी फक्त केळी घेतलीत. तीही विकत." अन् एक केळं मले देल्लं. मी खाल्लं. आता ज्याचं केळं खाल्लं त्याच्यासोबत कोनत्या तोंडानं भांडनार? मीच त्याइले फुकट घरी सोडून आलो.

सरले हे सांगतलं त सर पयल्यांदा इतके हासले का भिंग खाली पडलं. मने, "अहो नत्थू, तो जिवंत कुठं आहे? इंग्रजांच्या वेळचा माणूस. मरून शंभराच्या वर वर्षं झाली."

मंग सरनं सांगतलं. हा पाद्री येसूचं सांगाले आला अन् झाडाइतच गुतला. बैलगाडीत बसून साऱ्या झाडीपट्टीत हिंडला. जे झाड दिसलं ते दाबून, वाळवून विलायतेले धाडलं, अन् नाव ठेऊन देल्लं. आता नियम असा हाय का जो पयले नाव छापीन त्याचंच नाव कायमचं. मांगून आलेल्यानं कितीबी डोकं आपटलं तरी नाही बदलत. मले हे लगेच समजलं. राशनच्या लायनीत लोकं थैली ठेऊन चहा प्याले जाते, अन् नंबर त्याइचा रायते. तसा हा पाद्री साऱ्या जिल्ह्यात थैल्या ठेऊन मरून गेला.

"काहानं मेला सर?"

"तापानं. पोरगाच होता. तुमच्या थोरल्या पोराएवढा."

एवढं बोलून सर खिडकीतून बाहेर पाहत बसले. माह्या डोक्यात पुन्हा घोळ. दुश्मनाचं नाव काढल्यावर मानूस असा बसते का?

औंदाची गोष्ट. गावाबाहेरच्या तलावात, पाराच्या, मनजे बांधाच्या, खालच्या कोपऱ्यात, सरले एक झाड सापडलं. झाड काहाचं, पान्याखाली लांब लांब हिरव्या पट्ट्या. मी त्याले शेवाळ मनलं त सर महिनाभर नाही पन दोन तास माह्यासोबत बोलले नाही. घरी सारी पुस्तकं पाहिली. मंग मले बोलावलं. मने, "नत्थू, हे कुठंच नाही. पाद्रीकडंही नाही बहुतेक."

"मनजे भेटलं!"

"फूल येऊ द्या."

मी इचारलं, "नवीन निघालं त नाव काय ठेवसान? हटवार?"

"स्वतःचं नाव स्वतः ठेवत नाहीत. रीत नाही. दुसऱ्याचं ठेवतात."

आमचा सरपंच त नालीवरबी सोताच्या नावाचा फलक लावते. मी मनलं, "मंग कोनाचं ठेवसान?" सर नुसते माह्याकडे पाहून हासले.

मी समजलो. एवढे दिवस कोनाच्या ऑटोत फिरले? पंक्चर काढत कोन बसलं? झालं, पानठेल्यावर जाऊन साऱ्याइले सांगतलं का आता जगातल्या पुस्तकात नत्थू नावाचं झाड येनार हाय. दोघाइले माह्या पैशानं खर्रा खाऊ घातला. घरी बेबीले सांगतलं. तिनं भाकर थापता थापता मनलं, "बेशरमाचं झाड हाय ना तलावावर. आनखी एक कायले पायजे तुमाले?"

मंग आली अडचन. तलाव मासेमारीच्या सोसायटीकडे, अन् सोसायटीची अध्यक्ष शेवंताबाई. बाई म्हनजे आवाज असा का पाराच्या ह्या टोकावरून हाक मारली त त्या टोकावरचा बगळा उडून जाते. औंदा सोसायटीनं गवत्या माशाची बोटुकली आनली होती, बोटाएवढी पिल्लं. हा मासा तलावातलं सारं गवत खाऊन मोटा होते. गवत म्हनजे सरचं झाड त पयला घास.

आमी गेलो त पिकअप पारावर उभी, फुगवलेल्या थैल्याइत पिल्लं वळवळून राहिली होती. सरनं चपला काढल्या, छत्री उघडली, अन् पॅन्टसकट तलावात उतरले. कंबरभर पान्यात झाडापाशी जाऊन उभे राहिले. छत्री डोक्यावर. पाऊस नव्हता.

शेवंताबाई वरडली, "काय करून राहिले गा सर?"

"बाई, फूल येऊ द्या."

"कायचं फूल? मासे मरतीन ना माहे!"

सर हालत नव्हते. मले वाटलं, आपल्या नावाचं झाड हाय, आपनबी जावं. मी उतरलो. चार पावलं गेलो नसन तं पोटरीले काहीतरी थंड लागलं. पाहतो त जळू. मी असा बोंबललो का पिकअपवाल्यानं गाडीच सुरू केली. मी सरच्या खांद्याले धरून लटकलो, छत्री वाहून गेली, अन् सर मले एका हातानं धरून दुसऱ्या हातानं झाडाले वाचवून राहिले.

शेवंताबाई कंबरेवर हात ठेऊन हे सारं पाहत होती. मने, "सर, तुमचं ते झाड आमाले दिसत नाही, पन आमच्या चाळीस घराइचं पोट तुमाले दिसते का?"

सरनं मान खाली घातली. मने, "दिसतं बाई. म्हणून थांबा म्हणतो, सोडू नका असं म्हणत नाही."

बाईनं थैल्याइतल्या पिल्लाइकडे पाहिलं. मंग मने, "पोळ्यालोक ठेवते बोडीत, त्या लहान तळ्यात. बगळ्याइनं खाल्ले त तुमच्या पाद्रीले सांगा भरून द्याले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सोडीन. मंग रडान त माह्यासमोर नोका रडू. अन् या लटकलेल्याले बाहेर काढा पयले."

मंग रोज सकाळी मी अन् सर तलावावर. सर पारावर बसून पान्याकडे पाहत. मी सरकडे. कधी मने, आज कळी वाटते. ते बुडबुडा असायचं. पोळा जवर आला. गावात बैलाइचे शिंगं रंगवनं सुरू झालं. सरचं जेवन सुटलं. बेबी डब्यात भाजीभाकर धाडे, ते मी खाओ, अन् सरनं खाल्लं मनून सांगो. माहं वजन वाढलं तवा तिले समजलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सर पान्यात उतरले अन् तिथंच थिजून गेले. मले वाटलं, जळू. मी पारावरूनच इचारलं, "चावलं का?"

सर मने, "नत्थू, फूल."

बोटाच्या पेराएवढं. पांढरं. पान्यावर असं ठेवल्यावानी. मी मनलं, "एवढंसंच?" सरले ऐकू नाही गेलं.

फोटो काढले, कलकत्त्याच्या एका मोठ्या मॅडमले धाडले. तिथं साऱ्या देशातली वाळलेली झाडं ठेवलेली हायेत. आमी पारावरच ऑटोत बसून वाट पाहत होतो. फोन आला. सरनं स्पीकर लावला, फोन मी धरला. मॅडम हिंदीत बोलल्या. सर, ये तो आपके पादरी का ही है. त्यानंच नाव ठेवलं, नुसती पानं पाहून. एकच वाळका नमुना हाय, तोबी विलायतेतून आत्ता आत्ता फोटोत आला, मनून तुमच्या पुस्तकाइत नाही. मंग मॅडम मनल्या, पन सर, त्यानं खाली लिहून ठेवलं हाय, फूल नाही पाहिलं. आजलोक कोनीच नाही पाहिलं. तुमीच पयले.

मी मनलं, "मंग जितले ना सर! थैली त्याची, पन माल तुमी उचलला!"

सर मने, "नाव त्याचंच राहतं."

शेवंताबाई तिथंच जाळं झाडत होती. तिनं सारं ऐकलं. मने, "पाहून घेतलं ना फूल? परवा मासे सोडते." सरनं मान हालवली. बाई जाळं खांद्यावर टाकत मने, "तेवढ्या कोपऱ्याले जुनं जाळं बांधून देते. आमच्या तलावातलं हाय, आमीच पाहून घेऊ." अन् निघून गेली.

सरनं एक फूल पान्याच्या बाटलीत घेतलं. यावेळी डिक्कीत नाही बसले. माह्या बाजूले, समोर. मी घराकडे वळवलं त मने, "डाक बंगल्याकडे घ्या."

जुन्या डाक बंगल्याच्या मांगं मोहाच्या झाडाखाली एक चौथरा हाय. आमी त्याले सायबाची समाधी मनतो. कोनी अगरबत्ती लावते, कोनी बिडी ठेवते. लहानपनी मीबी पास होवाले नारळ फोडलं होतं, त्याचा निकाल तुमाले मालूम हाय. सर तिथं गेले, रुमालानं चौथरा पुसला, अन् असे बसले का रोजची जागा असावी. चौथऱ्यावर वाळलेल्या काड्याइचा ढीग होता. मांगच्या साला-सालाइच्या, सरनं घरी नेलेल्याच झाडाइच्या. सर इथं येत होते अन् माह्या ऑटोनं नाही, पायी येत होते.

मले आत्ता उजेड पडला. "सर, हाच का तो?"

"हाच."

मी मनलं, "सर, खरं सांगा. ते नवीन निघालं असतं त नाव कोनाचं ठेवनार होते?" अजूनबी मले थोडी आशा होती.

सरनं चौथऱ्यावर हात ठेवला. "याचंच. यानं झाडांना सगळ्यांची नावं दिली. मास्तरांचं, आईचं. आपल्या गाडीवानाचंही."

"गाडीवानाचं? मनजे माह्यावानी?"

"तो हळू चालवत असेल. स्वतःचं ठेवता येत नाही, आणि मागे याचं ठेवणारं कोणी राहिलं नाही. म्हटलं, याच्या हातून सुटलेलं एक तरी झाड सापडेल, त्याला याचं नाव देईन. इतकी वर्षं शोधतोय. पण हा काही सोडतच नाही बघा."

मंग सरनं बाटली चौथऱ्यावर ठेवली, फूल दगडाकडे वळवलं, अन् हळूच मने, "घे. पाहा रे. पांढरं आहे. तीन पाकळ्या. आतून पिवळं. तुला वाटलं होतं तसंच असेल बहुधा."

वाऱ्यानं बाटली हालली, ती सरनं धरून ठेवली. धरूनच बसले.

मले वाटलं, आपनबी काहीतरी द्यावं, पोरगा एवढ्या दूर येऊन मेला. चौथऱ्याच्या मांगं हिरवंगार काहीतरी उगवलं होतं, वर बारीक पांढरी फुलं. मी भरपूर तोडलं, टोपी काढली, अन् बाटलीच्या बाजूले नीट रचून ठेवलं. हात जोडले.

सरनं डोरे पुसले. भिंग काढलं. माह्या फुलाइकडे लय वेळ पाहिलं. मंग मने, "नत्थू, याला तर फूलही आलंय, तरी कळलं नाही? गाजरगवत आहे ते. उचला, आणि हात धुवा."